नवरीची जागा

लेकीच्या रुखवतासाठी शालनताईंनी पुठ्ठ्याचं अख्खं घर उभं केलं होतं. सासू झोपाळ्यावर, सासरे पेपर वाचत, नवरदेव सुजय ऐटीत सोफ्यावर. बाजारात तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला, तर विहिणीने तोंडात बोट घालावं म्हणून. शालनताईंच्या हिशेबात लोकांचं मत कायम जमेला असे आणि घरच्यांचं खर्चाला.

नवरीची कापडी बाहुली तेवढी उरली होती. "केतकी, हिला कुठे चिकटवू गं? ओट्यापाशी?"

"दाराजवळ," लेक म्हणाली. "पटकन बाहेर पडता येईल."

मदतीला आलेली मावशी खो खो हसली. "अगं, आधी आत तर जा!"

केतकी हसली नाही. तिने बाही वर केली. दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते. "काल सुजयने माझा फोन तपासायला मागितला. मी दिला नाही."

मावशीचा आवाज एकदम खाली आला. "पत्रिका वाटून झाल्यात, शालन. लोक काय म्हणतील?"

शालनताईंची बोटं गोंदाने बरबटलेली होती. तशाच बोटांनी त्यांनी विहिणीला फोन लावला.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "मी ऐकून घेईन."