शेजारचा हात

"चाळीस लाख," टीव्हीवरचा लिलाववाला म्हणाला, आणि मंडळाच्या खोलीत कुणी श्वास सोडेना. बोली निवासवर लागली होती. कबड्डीच्या लीगमध्ये तो बदली खेळाडू म्हणून एकच सामना खेळला होता, पण त्या एका सामन्यात त्याच्या नावावर सहा पकडी लागल्या होत्या.

निवासच्या शेजारी हणमंतदादा बसला होता. त्या सामन्यात निवासचा हात धरून साखळीत उभा होता तो हाच. मघाशी दादाचं नाव पुकारलं, तेव्हा एकाही संघाने बोली लावली नव्हती. वय चौतीस, पकडी शून्य.

आकडा पन्नासवर गेला, तशा निवासला त्या सहा पकडी आठवल्या. चढाईवाल्याचा पाय नेमका कधी धरायचा, हे त्याला सहापैकी एकदाही कळलं नव्हतं. दादाने हात दाबला की तो झेप घ्यायचा, एवढंच.

हातोडा बावन्न लाखांवर पडला. पोरं नाचायला लागली, तोच नव्या संघाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. "वेळ कशी रे साधतोस इतकी अचूक? यंदा सगळी भिस्त तुझ्यावर आहे."

प्रश्न दादालाही ऐकू गेला. त्याने निवासचा हात घट्ट दाबला. गप्प बस.

त्या हाताचं निवासने आज पहिल्यांदाच ऐकलं नाही.

"सर, ती वेळ मला कळत नाही," तो म्हणाला. "ज्याला कळते, त्याला मघाशी कुणीच घेतलं नाही. इथंच बसलाय. देऊ का फोन?"