वाटेसाठी रेंदांग

हेंद्री उद्या नोकरीसाठी जाकार्ताला निघणार, म्हणून त्याच्या आईनं, रोसनीदारनं, सकाळपासून चुलीवर रेंदांग चढवलं होतं. नारळाच्या दुधातलं मांस काळंकुट्ट, कोरडं होईतो आटवलं की महिनाभर टिकतं. परगावी जाणाऱ्या पोराला पादांगकडची प्रत्येक आई तेच बांधून देते. रोसनीदारनं मात्र रस्सा अंगाबरोबर असतानाच कढई उतरवली.

चव घ्यायला टपून बसलेला तिचा भाऊ दारविस खिदळला. "ताई, हात भरून आले वाटतं? म्हातारी झालीस! पाच दिवसांत आंबेल की हे."

"हळू बोल, मेल्या. आंबू दे."

"अगं, मग पोरगं खाईल काय?"

"महिन्याचं दिलं तर महिनाभर माझी आठवण नाही काढायचा. पाचव्या दिवशी डब्याला वास आला की फोन तरी करेल."

"भलतीच पोचलेली आहेस गं! कुठे शिकलीस हे?"

"आईकडे. तू मेदानला गेलास ना, तेव्हा."

दारविसचं हसू ओठांतच राहिलं. आपला डबा नासवला म्हणून गेली तीस वर्षं तो मेदानच्या उकाड्याला शिव्या घालत होता.