व्हेराबाईंचा देश
"साम्यवादातून बाहेर पडणाऱ्या राष्ट्रांना इतिहास घाई करू देत नाही," निवृत्त प्राध्यापक नंदनरावांनी जाहीर केलं आणि मिरचीचा हात डोळ्याला लावला. शेजारीण व्हेराबाईंनी पाण्याचा पाइप पुढे केला. रिचमंड हिल या परदेशी उपनगरातल्या ड्राइव्हवेवर त्या दर सप्टेंबरात लाल मिरच्या भाजून आपल्या मॅसेडोनियाची चटणी करत. नंदनराव सोलायला बसत. "युरोपियन युनियनसाठी आम्ही देशाचं नाव बदललं, आता म्हणतात घटनाही बदला," त्या म्हणाल्या. "बहिणीला शब्द दिलाय, आम्हाला घेतलं की गावच्या चौकात दोघी नाचणार. मी ब्याऐंशीची. बघेन का हो?" नंदनरावांची या विषयावर चार पुस्तकं होती, चारही 'सांगता येत नाही' म्हणून संपत. "बघाल," ते म्हणाले. "मीही नाचायला येतो." व्हेराबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "या. तोवर जरा बुटाची नाडी बांधा, मला वाकवत नाही."