दिनेला या
“दिनेला या,” असं मी त्या फ्रेंच पाहुण्याला सांगितलं होतं. आमच्या क्वेबेकात दिने म्हणजे दुपारचं जेवण. तो उगवला संध्याकाळी सातला, हातात फुलं घेऊन. फ्रान्समध्ये म्हणे दिने रात्री असतं! “काय हो, तुमच्याकडे दुपार अंधार पडल्यावर होते का?” आई कडाडली आणि तिने वाटाण्याच्या सुपाचं पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं. त्याने तीन वाट्या संपवल्या आणि तो परत गेलाच नाही. आम्ही छत्तीस वर्षं संसार केला, पण त्याचं दिने रात्रीचंच राहिलं. गेल्या हिवाळ्यात तो गेला. आज त्याच्या वाढदिवसाला सगळ्यांना दिनेला बोलावलं. गाव दुपारी जेवून पांगलं. सातला दार वाजलं. फ्रान्सहून आलेली त्याची बहीण, हातात फुलं. “वहिनी, मीच पहिली वाटतं?” पातेलं शेगडीवर गरमच होतं. तिला वेळ मी मुद्दामच सांगितली नव्हती.