मुठीचे तांदूळ

रविवारची पहिली घंटा झाली. गावात सगळे जिला मानाने 'पी' म्हणत त्या रेमपारने चुलीमागचं मडकं उचललं आणि ते इतकं हलकं लागलं की तिचा तोलच गेला. आत दाणा नव्हता.

चाळीस वर्षं ती दर वेळी भात टाकताना घरच्यांच्या तोंडचे मूठभर तांदूळ त्या मडक्यात टाकत आली होती आणि दर रविवारी ते देवापुढे नेऊन ओतत होती. उंदरांनी डोंगरावरची शेतं फस्त केली त्या साली मूठ लहान झाली, पण चुकली नाही. ब्रह्मदेशाच्या चिन डोंगरातल्या त्या गावात एवढा नेम कुणाचा नव्हता. म्हणूनच आज चर्चमध्ये बायकांचं मंडळ तिला सगळ्यांसमोर लाल शाल पांघरणार होतं. पी रेमपार नम्र बाई होती खरी, पण शालीसाठी पहाटेच ओढ्यावर जाऊन केस धुऊन आली होती.

तिने सुनेला हाक मारली. नीलार तीन आठवड्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, खालच्या सखल मुलखातली, बुद्धापुढे हात जोडून वाढलेली पोर.

"यातले तांदूळ कुठं गेले गं?"

"वाढले, आई. तुम्ही तीन दिवस शेतावर होता ना, तेव्हा एक आजोबा वाडगा घेऊन दारात यायचे. हे म्हणाले होते, हे तांदूळ देवाचे, घरात खायचे नाहीत. आमच्याकडंही भिक्षूंसाठी असेच काढून ठेवतात. दारात जो पात्र घेऊन येईल, त्याला घालायचे." तिचा आवाज बारीक झाला. "मग मी रोज शिजवून घातले. आज तुम्ही ओढ्यावर गेलात तेव्हा परत आले, तर उरलेले बांधून दिले."

"कसला म्हातारा?"

"डावा कान जळलेला."

पी रेमपार चुलीपाशी मटकन बसली. तसा म्हातारा गावात एकच होता, खार. बावीस वर्षांपूर्वी दारूच्या तारेत त्याने वारा न बघता आपलं रान पेटवलं आणि हिचं धान्याचं कोठार राख झालं. त्या साली तिचं धाकटं पोर उपासमारीने गेलं. पुढे चर्चमध्ये उभं राहून तिने त्याला माफ केलं होतं. बोलायला काय जातं? दारासमोर तो दिसला की मात्र ती त्याच्यावर कुत्रं सोडायची.

"माझं चुकलं का, आई?"

पी रेमपार उठली, कोठीचं झाकण काढलं आणि वाटीने मडकं भरायला लागली. एक वाटी, दुसरी, तिसरी. बाहेर दुसरी घंटा झाली. नीलार मडकं धरून उभी होती, तिचाही जीव भांड्यात पडला होता.

"हे तर लगेच भरलं की," ती म्हणाली. "मग रोज मूठमूठ कशाला काढायची?"

पी रेमपारचा हात थांबला. पोरीने सरळ मनाने विचारलं होतं आणि तेच तिला झोंबलं. तिने सुनेच्या हातून मडकं घेतलं, तांदूळ कोठीत परत ओतले आणि रिकामं मडकं काखेत मारलं.

"चल."

"मी? पण मी तुमच्या देवाची नाही ना."

"वाढताना विचारलं होतंस का त्याला, कुणाचा आहेस म्हणून? चल गुमान."

चर्चमध्ये बायका रांगेने पुढे येऊन मोठ्या टोपलीत तांदूळ ओतत होत्या. टोपलीशेजारी मंडळातली पी दारपुई शाल घेऊन उभी होती. "सून खालच्या मुलखातली आणलीस, आता तुझी मूठ बंद पडते की नाही बघ," असं पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली होती ती हीच. पी रेमपारने सुनेचं मनगट घट्ट धरलं आणि मधल्या वाटेने पुढे निघाली. अजूनही आजाराचं निमित्त सांगून माघारी फिरता आलं असतं. ती टोपलीपाशी पोचली आणि सगळ्यांच्या देखत तिने मडकं उपडं केलं.

काहीच पडलं नाही. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. पी दारपुईचा चेहरा क्षणभर खुलला, मग तिने तो घाईघाईने गंभीर केला.

"अगं रेमपार, तांदूळ कुठायत?"

"खार जेवून गेला."

"कोण खार? आपला तो जळक्या कानाचा? तुझ्या घरी?"

"माझ्या घरी. तीन दिवस जेवला, वर शिदोरी घेऊन गेला."

सगळ्या चर्चला ते कोठार ठाऊक होतं, ते पोरही ठाऊक होतं. पी रेमपारला भीती वाटेनाशी झाली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळं वाटत होतं. कुस्ती मारलेल्या गड्याचा हात उंच धरावा तसा तिने नीलारचा हात वर केला.

"हिनं वाढलं," ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चाळीस वर्षं मी देवासाठी तांदूळ काढून ठेवत आले. या आठवड्यात तो जेवायला आला. आणि बरं झालं बाई, मी घरी नव्हते."