गोरखचा राजीनामा

"इथं सही करा, वहिनी," म्हणत ऋतिकने कागदावर बोट ठेवले.

नूतनने पेन घेतले नाही. मंचरचा हा एजंट चौथ्यांदा खोडदला आला होता. दोन वर्षांपूर्वी यानेच तिच्या नवऱ्याला, गोरखला, आखातातल्या एका बांधकाम कंपनीत लावून दिले होते. तेवीस दिवसांपूर्वी गोरख तिथे परांचीवरून पडला आणि गेला. तेव्हापासून तो तिकडच्या शवागारात होता आणि इकडे नूतन ओट्यावर बसून होती. रडून झाले होते. आता नुसता थकवा उरला होता.

"परत वाचा," ती म्हणाली.

ऋतिकने वाचले. गोरखने आठ तारखेला राजीखुशीने राजीनामा दिला. त्याचे सगळे देणे पोचले. घरच्यांचा कंपनीवर कसलाही दावा नाही. सोबत राजीनाम्याची प्रत होती, तिच्यावर गोरखची सही. सही खरीच होती. रुजू होताना पासपोर्ट काढून घेतला आणि तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, हे त्यानेच तिला फोनवर हसत हसत सांगितले होते.

"आठला राजीनामा दिला, तर बाराला परांचीवर कशाला चढले व्हते?"

ऋतिकने चहाचा कप उगाचच फिरवला. "असलं तिकडं कोण ऐकतंय, वहिनी? तुमची सही आली की चार दिवसांत पेटी पुण्याला. न्हाई आली, तर बॉडी तिथंच. तिकडचं सरकारबी रोज कंपनीच्या मागं लागलंय, मयत किती दिवस ठेवणार म्हणून. सगळ्यांचाच जीव टांगणीला लागलाय." कागद ठेवून तो उठला. "परवा येतो."

संध्याकाळी दादाभाऊ आले. गोरखचे सख्खे चुलते, नूतन त्यांना आण्णा म्हणे. त्यांच्या मुलीचे, मोहिनीचे लग्न पंधरा दिवसांवर होते. अग्नी नाही म्हणून दहावा नाही, दहावा नाही म्हणून सुतक फिटत नाही. सगळी भावकी अडकून पडली होती. पत्रिका कपाटात, हळद डब्यात. नूतनला तोंडावर कुणी काही बोलत नव्हते, पण ती नळावर गेली की बायका गप्प होत. कंपनीला सुतक म्हणजे काय ते ठाऊकही नसेल. पण कंपनीचे काम ते सुतकच बिनबोभाट करत होते.

"मला बोलायला लाज वाटती, पोरी," दादाभाऊ खाली बघत म्हणाले. "पण सही करून टाक. आज-उद्या झाली, तरच सगळं बसतंय. मोहिनी धड जेवंना झालीय."

"मलाबी त्यांचं तोंड बघायचंय, आण्णा. एकदाच. पण सही केली, तर त्या कागदातलं समदं खरं ठरंल."

मग नूतनने विचारले, "अग्नी दिला की सुतक फिटंल ना?"

"फिटंल की. पण देणार कुणाला?"

"कुशाबा पुरात वाहून गेला, तवा कुणाला दिला व्हता?"

दादाभाऊंनी चमकून वर पाहिले. कुशाबा सापडलाच नव्हता. गावाने दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता.

"आन तोंड बघायचं म्हनतीस, त्याचं काय?"

नूतन आत जाऊन गोरखचा शर्ट घेऊन आली. यात्रेला घालायचा म्हणून त्याने इस्त्री करून ठेवायला सांगितला होता. सुट्टी काही मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी तिने तो शर्ट दर्भाच्या पुतळ्याला स्वतःच्या हाताने घातला. एकेक बटण लावले. वरचे बटण गोरख कधीच लावत नसे, तेवढे तिने उघडे ठेवले. दादाभाऊंनी अग्नी दिला. शर्ट पेटला तेव्हा मात्र ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

ठरल्याप्रमाणे ऋतिक आला. कागद त्याने ठेवला होता तिथेच होता, सहीची जागा कोरी.

"असं काय करता, वहिनी? तुमाला बॉडी नको का?"

नूतनने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"आमचा माणूस आमी काल पोचवला, भाऊ. तिकडं पडलाय त्यो कंपनीचा कामगार. तसं कागदावर लिहून आणा, मंग त्यालाबी न्यायला येते."