बाबांचा शेअर

सभेची वेळ झाली तरी बाबांना जाग येईना. शेवटी ओलिंकाने त्यांना फरच्या कोटात गुंडाळलं, बर्फगाडीमागच्या घसरगाडीत निजवलं आणि आईला त्यांच्याशेजारी बसवून सभागृह गाठलं. आई, नास्तासिया, वाटभर कुरकुरत होती. नवरा कसला, साऱ्या गावाची झोप उडवायची आणि आपण खुशाल घोरायचं.

गावची जमीन गावच्या कंपनीच्या नावावर होती. ज्याच्याकडे शेअर तो मालक, बाकीचे तिथेच राहून परके. कायद्याने शेअर वाटले तेव्हा बाबा मोजणीत नव्हते, आणि त्यांच्यासारखं निम्मं गाव नव्हतं. त्या सगळ्यांना शेअर द्यायचा ठराव आज होता. तो पडला तर नदीकाठची टेकडी सोन्याच्या खाणवाल्यांच्या घशात जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

टेकडी विकणाऱ्यांचा म्होरक्या इव्हन. बाबांचा धाकटा भाऊ. तो दूर अँकरेज शहरात राहायचा, वर्षभर इकडे फिरकला नव्हता. वारशाने आलेले एवढे शेअर त्याच्याकडे होते की तो कलेल तिकडे ठराव कलणार. उभा राहून तो म्हणाला, ज्यांनी कंपनीसाठी काडी उचलली नाही त्यांना फुकटचा वाटा कशाला?

ओलिंकाच्या अंगाचा तिळपापड झाला. नास्तासिया मात्र शांतपणे म्हणाली, "ते राहू दे, इव्हन. आधी दादाला हाक मार."

 आल्यापासून इव्हनने बाबांना निजवलेल्या मागच्या बाकाकडे बघायचं टाळलं होतं. पण थोरल्याला हाक न मारता इथे कुणी घासही घेत नाही. नाइलाजाने तो गेला, वाकला. बाबांनी डोळे उघडले, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि एकाएकी त्याची कॉलर धरली.

नदीचा बर्फ फुटून इव्हन पाण्यात पडला होता तेव्हा दादाने त्याला अशीच कॉलर धरून बाहेर ओढलं होतं. इव्हनला रडू फुटलं.

"दादा," तो म्हणाला, "तुला परका म्हणायला माझी जीभ कशी रे उचलली?"

इव्हनची सगळी मतं ठरावाच्या बाजूने पडली. बुटांच्या दणदणाटाने सभागृह हादरलं. कुणीतरी ढोल काढला. ओलिंकाने आईला मिठी मारली.

अध्यक्षांनी पहिला शेअर बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो कागद सरळ तोंडात घातला. शेअर वाटल्यानंतर जन्मलेल्या या तान्ह्या बाळाला गावच्या रीतीने वारलेल्या बाबांचं नाव मिळालं होतं, आणि नावासोबत त्यांची सगळी नातीही. ओलिंका तो काढायला धावली, तर नास्तासियाने तिचा हात धरला.

"चावू दे," ती म्हणाली. "गेल्या खेपेला ही जमीन राखता राखता यांचे सगळे दात पडले. या खेपेचा पहिला दात आजच फुटलाय."